तोल, चाल आणि अवधान: पार्किन्सन्सच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्किन्सन्सच्या रुग्णाची चाल बिघडू लागली की पहिला प्रश्न बहुधा गोळीच्या मात्रेचा निघतो. या प्रकरणात तो प्रश्न आधीच निघाला होता. त्यानुसार मात्राही वाढवली गेली होती, आणि तरीही पडणे थांबले नव्हते. कारण चालीच्या बिघाडाचा मोठा भाग पायांत किंवा स्नायूंच्या ताठरपणात नव्हता, तो अवधानात आणि विचारांच्या नियोजनात होता. पुढे वर्णन केलेली रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही. अशा अनेक रुग्णांमध्ये वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून ही व्यक्तिरेखा उभी केली आहे, आणि तिची मोजमापेही उदाहरणादाखलच आहेत. संशोधनाचे म्हणून जे दाखले आणि आकडे दिले आहेत, ते मात्र प्रत्यक्ष अभ्यासांतले आहेत.

रुग्ण आणि तक्रार

रुग्ण 69 वर्षांच्या, निवृत्त गणित शिक्षिका. निदान होऊन आठ वर्षे झालेली. सुरुवात उजव्या हाताच्या कंपाने झाली होती आणि पहिली पाच वर्षे कंप हेच मुख्य लक्षण होते. लेव्होडोपाला, म्हणजे मेंदूतील डोपामीन या संदेशवाहक रसायनाची उणीव भरून काढणाऱ्या औषधाला, प्रतिसाद चांगला होता, आणि कंप आटोक्यात राहावा म्हणून अगदी सुरुवातीपासून ट्रायहेक्सिफेनिडिल हे औषधही चालू होते. गेल्या दीड-दोन वर्षांत चित्र पालटले. हाताची थरथर कमी जाणवू लागली, पण वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले, दारातून जाताना पाऊल अडू लागले आणि महिन्यातून तीन-चार वेळा बाई पडू लागल्या. दुसरीकडे झालेल्या उपचारात लेव्होडोपाची दिवसाची एकूण मात्रा 450 मिलिग्रॅमवरून 650 मिलिग्रॅमपर्यंत नेण्यात आली. त्याने हालचाली थोड्या मोकळ्या झाल्या, मात्र पडणे तेवढेच राहिले, आणि संध्याकाळच्या वेळी बाजूने कोणीतरी सरकून गेल्याचा भास होऊ लागला.

स्मरणशक्तीविषयी कुटुंबाची तक्रार नव्हती. घरचे हिशेब बाईच पाहत होत्या, वाचन चालू होते, नावे लक्षात राहत होती. पतीची तक्रार वेगळी होती: “सांगितलेलं ऐकते, पण चालताना लक्षच देत नाही.” मुलीने मात्र अधिक नेमकी गोष्ट सांगितली: “आई पूर्वी बोलता बोलता जिना चढायची. आता मी हाक मारली की जागीच थांबते, आणि थांबली नाही तर पडते.” एवढ्या एका वाक्यात निदानाचा निम्मा भाग आला होता. अशी वाक्ये केसपेपरवर जशीच्या तशी उतरवून घ्यावीत असे मला कळकळीने वाटते, कारण ‘वारंवार पडते’ असा सारांश लिहिला की नेमके तेच हरवते.

तपासणीत काय दिसले

औषधाचा असर असताना मोजलेला हालचालींचा गुणांक, म्हणजे एमडीएस-यूपीडीआरएस मापनपट्टीचा तिसरा भाग, 132 पैकी 34 होता (या पट्टीत गुण जितके जास्त तितका त्रास अधिक). वर्षभरापूर्वी तो 31 होता. तीन गुणांची ही वाढ एवढ्या वेळा पडण्याचा उलगडा करण्यास पुरेशी नव्हती. शिवाय वाढलेले गुण जवळजवळ सगळे चाल, तोल आणि पाय अडण्याच्या नोंदींतले होते. हाताची मंदगती आणि ताठरपणा होता तेवढाच होता.

त्यानंतर खुर्चीवरून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे ही साधी चाचणी घेतली. तिला 15 सेकंद लागले. मग हीच चाचणी 100 मधून तीन-तीन वजा करत करायला सांगितली. बसून ही वजाबाकी बाईंनी न अडखळता केली होती. चालतानाही त्यांचे एकही उत्तर चुकले नाही, परंतु पावले आखूड होत गेली, वळणावर दोन्ही पाय थांबले, धड पुढे झुकले आणि सोबत चालणाऱ्या फिजिओथेरपिस्टने कोपराला धरले म्हणून पडणे टळले. वेळ लागला 26 सेकंद. धोक्याच्या क्षणी निरोगी माणूस आपोआप बोलणे थांबवतो आणि तोल सांभाळतो. बाईंनी गणित सांभाळले आणि तोल सोडला. पतीला जे लक्ष न देणे वाटत होते, ते खरे तर लक्ष कोणत्या कामाला आधी द्यायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेचे अपयश होते. पार्किन्सन्समध्ये हा प्राधान्यक्रम उलटा होताना वारंवार दिसतो, आणि बुद्धिमान, नेटक्या, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचेच अशी सवय असलेल्या व्यक्तींमध्ये तो अधिक फसवा असतो.

बोधनक्षमतेसाठी, म्हणजे अवधान, स्मरण, नियोजन अशा विचारशक्तींसाठी, मोका ही 30 गुणांची चाचणी घेतली. गुण 22 आले. गुणांच्या बेरजेपेक्षा ते कुठे गेले हे पाहणे अधिक उपयोगाचे होते. अंक आणि अक्षरे आळीपाळीने जोडण्याचा गुण गेला. घनाकृतीची नक्कल जमली नाही. घड्याळाचे वर्तुळ आणि त्यातले बारा अंक सुबक आले, पण अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर एक काटा 11 वर आणि दुसरा 10 वर गेला. ‘दहा’ हा शब्द ऐकताच हात 10 या अंकाकडे वळला. मिनिटांचा दहा म्हणजे 2 वरचा काटा हे रूपांतर झाले नाही, आणि हे घडले ते आयुष्यभर गणित शिकवलेल्या व्यक्तीकडून. उरलेल्या पाच गुणांपैकी तीन उशिराने आठवायच्या शब्दांत गेले आणि एकेक भराभर शब्द सांगण्याच्या व सलग अवधानाच्या भागात. विसरलेल्या शब्दांपैकी दोन, प्रकार सुचवताच आठवले, म्हणजे साठवण बऱ्यापैकी शाबूत होती आणि अडचण शोधून बाहेर काढण्यात होती. वजाबाकीचे सर्व गुण मिळाले. घरच्यांना बिघाड जाणवला नाही याचे कारण इथेच आहे: घरी बाईंची बुद्धी ज्या कामांतून दिसत होती, ती नेमकी सर्वांत पक्की मुरलेली कामे होती.

आणखी दोन गोष्टी आढळल्या. आडवे असताना रक्तदाब 138/82 होता, तो उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला 112/70 झाला. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो उभे राहताना होणारा रक्तदाबाचा ऱ्हास मानला जातो. तसेच, बाई झोपेत ओरडतात आणि हातपाय झाडतात असे पतीने विचारल्यावर सांगितले. स्वप्ननिद्रेतील हा विकार आणि रक्तदाबाचा ऱ्हास हे दोन्ही, पार्किन्सन्समध्ये बोधनक्षमता घसरण्याशी निगडित आहेत. नैराश्य, थायरॉइड, बी-12, दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी केली. त्यांत विशेष काही निघाले नाही.

चाल आणि विचार एकमेकांत कसे गुंतलेले आहेत

1817 साली जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन केले, तेव्हा संवेदना आणि बुद्धी यांना इजा होत नाही असे त्यांनी लिहिले होते. ही समजूत दीर्घकाळ टिकली, आणि हा केवळ हातापायांचा आजार आहे असे मानणारे अजूनही भेटतात. सिडनी येथे निदानापासून 20 वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या अभ्यासात, जे हयात होते त्यांच्यापैकी 83 टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला. हा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश नसलेल्या रुग्णांमध्येही साधारण चौघांपैकी एकात सौम्य बोधनघट आढळते. तेव्हा बाईंच्या बाबतीत बोधनक्षमतेचा बिघाड असणे हे नवलाचे नव्हते. तो त्यांच्या चालीतून प्रथम प्रकट व्हावा हे समजून घेण्यासारखे आहे.

चालणे ही सवयीची क्रिया आहे. मेंदूतील बेसल गँग्लिया या भागात, विशेषतः पुटामेनच्या मागील हिश्शात, सवयीच्या हालचालींचे नियंत्रण होते, आणि पार्किन्सन्समध्ये डोपामीनचा तुटवडा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तिथेच पडतो. परिणामी जी क्रिया आपोआप व्हायला हवी, ती जाणीवपूर्वक करावी लागते: पाऊल उचलायचे, टाच टेकवायची, वळताना रुंद वळायचे. हे काम मेंदूचा पुढचा भाग अंगावर घेतो. म्हणून अनेक रुग्ण सांगतात की लक्ष देऊन चाललो तर नीट चालता येते. मात्र हे लक्ष अमर्याद नसते. एकाच पाकिटातून चालण्याचा आणि बोलण्याचा खर्च भागवावा लागतो, आणि पाकीटच आकसले की आधी कोणता खर्च राहून जाईल याचा नेम नसतो. बाईंच्या पायांचा आजार वर्षभरात फारसा वाढला नव्हता. त्याची भरपाई करणारी बोधनक्षमता घटली होती, आणि त्यामुळे आतापर्यंत झाकलेली अडचण उघडी पडली होती.

चालताना बोलण्यासाठी थांबणे ही किती सूचक खूण आहे, हे स्वीडनमधील एका छोट्या अभ्यासाने 1997 मध्ये दाखवले होते. निवासी संस्थेतील 58 वृद्धांपैकी 12 जण संभाषण सुरू होताच चालायचे थांबले. त्यांच्यापैकी 10 जण पुढील सहा महिन्यांत पडले. हा अभ्यास पार्किन्सन्सपुरता नव्हता, तरी त्यातील तत्त्व या आजाराला अधिकच लागू पडते. बाईंच्या मुलीने घरात पाहिले ते हेच होते.

दुसरा धागा अ‍ॅसिटिलकोलीनचा आहे, आणि माझ्या मते या प्रकरणाचा तोच कणा आहे. डोपामीनसारखेच हेही मेंदूतील एक संदेशवाहक रसायन आहे. पार्किन्सन्समध्ये डोपामीनच्या पेशींखेरीज मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील) अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणाऱ्या पेशीही कमी होतात. तळाशी असलेल्या गटातून अवधानासाठी बाह्यकाला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, पुरवठा होतो, तर मस्तिष्कस्तंभातील गट चाल आणि तोल यांच्याशी संबंधित आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या पार्किन्सन्स रुग्णांची तुलना केली, तेव्हा डोपामीनच्या ऱ्हासात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, पण पडणाऱ्यांमध्ये अ‍ॅसिटिलकोलीनची यंत्रणा अधिक खालावलेली होती. वाढीव लेव्होडोपाने बाईंचे पडणे का थांबले नाही याचे एक संभाव्य उत्तर इथे मिळते. जे कमी पडत होते, ते त्या गोळीत नव्हतेच.

लक्षणांचा प्रकार बदलणे हीसुद्धा स्वतंत्र सूचना असते. कंपप्रधान आजार असलेल्यांमध्ये बोधनक्षमता तुलनेने दीर्घकाळ टिकते. तोल आणि चाल प्राधान्याने बिघडलेल्यांमध्ये ती लवकर घसरते. नॉर्वेमधील दीर्घ पाठपुराव्यात असे दिसले की कंपप्रधान आजार तोल-चालीच्या प्रकारात परिवर्तित झाला की बोधनक्षमतेच्या घसरणीचा वेग वाढतो. बाईंचा कंप कमी झाला म्हणून घरात समाधान व्यक्त होत होते, आणि ते स्वाभाविक होते, परंतु कंप मागे पडून पाय अडू लागणे ही त्यांच्या बाबतीत सुधारणा नव्हती.

घनाकृतीच्या नक्कलेतील अपयशाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. नियोजन, अवधान बदलणे, वेग यांतील उणिवा मुख्यतः पुढच्या भागाशी आणि डोपामीनशी जोडल्या जातात आणि त्या वर्षानुवर्षे फारशा न वाढता राहू शकतात. आकृतीची नक्कल करणे आणि एका वर्गातील शब्द आठवणे यांतील उणिवा मेंदूच्या मागच्या भागांकडे निर्देश करतात आणि पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता अधिक दर्शवतात. म्हणून बाईंना एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावली, दहाच आली. दैनंदिन व्यवहार त्या स्वतः पाहत असल्यामुळे निदान ‘पार्किन्सन्समधील सौम्य बोधनघट’ असेच ठेवले, पण पुढील पाठपुरावा जवळून करायचा असे ठरले.

काय केले

पहिला बदल एक औषध काढण्याचा होता. ट्रायहेक्सिफेनिडिल अ‍ॅसिटिलकोलीनला अटकाव करते. ज्या यंत्रणेचा आधीच ऱ्हास होत आहे तिलाच अडवणारी गोळी या वयात, या लक्षणांत चालू ठेवण्याला आधार नव्हता. ती एकदम न थांबवता काही आठवड्यांत हळूहळू उतरवली, कारण असे औषध अचानक तोडल्यास लक्षणे उसळू शकतात. लेव्होडोपा टप्प्याटप्प्याने पूर्वीच्या मात्रेवर आणले, आणि त्यासोबत भास ओसरले. लेव्होडोपाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: डोपामीन ज्या भागात कमी आहे त्याला मात्रा पुरी पडते, तेव्हा ज्या भागात ते अजून पुरेसे आहे तिथे अतिरेक होऊ शकतो. त्यामुळे एकाच मात्रेने काही बोधनकार्ये सुधारतात आणि काही, उदाहरणार्थ बदललेल्या नियमानुसार निवड बदलणे, बिघडतात.

रक्तदाबासाठी बाई जुनी गोळी घेत होत्या. ती संबंधित डॉक्टरांशी बोलून कमी केली. पाणी पुरेसे पिणे आणि पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसून मग उठणे ही सवय लावली.

यानंतर, हृदयालेख (ईसीजी) पाहून, रिव्हास्टिग्मिन या औषधाचा त्वचेवर चिकटवायचा पट्टा 4.6 मिलिग्रॅमच्या मात्रेने सुरू केला आणि नंतर 9.5 वर नेला. हे औषध अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटन रोखते. पार्किन्सन्समधील स्मृतिभ्रंशावर त्याचा माफक उपयोग होतो, हे 541 रुग्णांच्या 2004 मधील चाचणीत दिसले होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची चाचणी 2016 मधील आहे: आदल्या वर्षात पडलेल्या, पण स्मृतिभ्रंश नसलेल्या 130 रुग्णांना 32 आठवडे हे औषध किंवा बनावट गोळी दिली, आणि औषध घेणाऱ्यांची पावले अधिक नियमित पडू लागली. बोधनक्षमतेसाठी ओळखले जाणारे औषध चालीची लय सुधारते, हा या दोन गोष्टींच्या नात्याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका पुरावा आहे. मळमळ, मंद नाडी आणि कंप वाढणे हे त्याचे दुष्परिणाम आधीच समजावून सांगितले होते. बाईंच्या उजव्या हाताचा कंप खरोखरच थोडा वाढला, पण तो त्यांनी पत्करला.

फिजिओथेरपीत आधी एका वेळी एकच काम. वळण जागच्या जागी न घेता मोठ्या कमानीत घ्यायचे, दाराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या ओलांडत जायचे, पाय अडला तर पुढे ओढण्याऐवजी पूर्ण थांबून, वजन एका पायावर घेऊन नव्याने पाऊल टाकायचे. दोन कामे एकत्र करण्याचा सराव चौथ्या आठवड्यानंतर, पट्ट्याचा आधार कमरेला बांधून सुरू केला. असा सराव धोकादायक ठरेल म्हणून तो टाळण्याकडे अनेकांचा कल असतो. तथापि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्युअ‍ॅलिटी चाचणीत 121 रुग्णांना दोन कामांचा सराव एकत्र किंवा वेगवेगळा देण्यात आला. दोन्ही पद्धतींत बोलता-चालतानाची चाल सुधारली आणि पडण्याचा धोका वाढला नाही. बाईंच्या सरावात प्रत्येक फेरीआधी ‘आधी पाऊल, मग उत्तर’ असे त्या स्वतः मोठ्याने म्हणत. उत्तर अर्धवट सोडून देणे हेच त्यांना सर्वांत जड गेले.

घरच्यांच्या वाट्यालाही काम होते, आणि ते कमी मोलाचे नव्हते. बाई चालत असताना मागून हाक मारायची नाही. काही सांगायचे असेल तर त्यांना बसू द्यायचे किंवा समोर येऊन थांबवायचे. फोन वाजला तर इतरांनी उचलायचा. हातात वस्तू घेऊन वळायचे प्रसंग कमी व्हावेत म्हणून रोजच्या वस्तूंच्या जागा बदलल्या. घड्याळाचे चित्र आणि चालण्याच्या चाचणीचे चित्रीकरण पतीला दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले, आणि त्यानंतर ‘लक्ष देत नाही’ ही तक्रार त्यांच्या बोलण्यात आली नाही.

सहा महिन्यांनंतर

पडणे महिन्यातून तीन-चार वेळांवरून दोन महिन्यांतून एकदा इतके कमी झाले. चालण्याच्या चाचणीला 14 सेकंद लागले, वजाबाकीसह 19. या वेळी बाईंची दोन उत्तरे अपुरी राहिली, पण पाऊल अडले नाही. हीच अपेक्षा होती. मोकाचे गुण, चाचणीची पर्यायी आवृत्ती वापरून, 24 आले. दोन गुणांच्या फरकावर फार भर देता येणार नाही, आणि घनाकृती याही वेळी जमली नाही. कोणत्या उपायाचा वाटा किती, हेही वेगळे काढता येत नाही, कारण औषधे आणि सराव काही आठवड्यांच्या अंतराने एकमेकांत मिसळले होते. मला स्वतःला ट्रायहेक्सिफेनिडिल थांबवणे आणि घरातील हाका थांबणे या दोहोंचा वाटा मोठा वाटतो.

या भेटीत मुलीने मेंदूतील विद्युत उत्तेजनाच्या शस्त्रक्रियेविषयी विचारले. ही शस्त्रक्रिया लेव्होडोपाला प्रतिसाद देणाऱ्या लक्षणांवर उत्तम काम करते. बाईंचा उरलेला त्रास, म्हणजे तोल आणि औषधाच्या असरातही पाय अडणे, त्या लक्षणांत बसत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर शब्द सुचण्याची गती घटल्याचे अनेक रुग्णांत आढळते आणि बाईंच्या बाबतीत ती आधीच कमी आहे. म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला नाही, आणि तो का दिला नाही हे बाईंच्या उपस्थितीत, त्यांना प्रश्न विचारायला वेळ देऊन सांगितले.

पुढील तपासणी सहा महिन्यांनी आहे. तेव्हा चालण्याची चाचणी एकट्याने आणि वजाबाकीसह, उभ्याने रक्तदाब, प्राण्यांची नावे आणि घनाकृती हे सर्व एकाच भेटीत, औषध घेतल्यानंतरच्या त्याच वेळेला घ्यायचे आहे, म्हणजे हालचालीचे आणि विचारांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतील. औषधांची डबी भरण्याचे काम सध्या बाईच करतात. त्यात चूक दिसू लागली तर निदानाचा फेरविचार करावा लागेल, म्हणून ती डबी आठवड्यातून एकदा पाहण्याची जबाबदारी मुलीने घेतली आहे.